कमरेवरचं किलोभर वजन

नमस्कार. मागच्या रांगेतले सगळे जरा पुढे सरका, कारण मला एक पट्टा दाखवायचाय आणि तो लांबून नीट दिसणार नाही.

हा बघा. मी साध्या वेशातल्या अंगरक्षक ड्युटीला लागलो तेव्हाचा हा माझा पहिला पट्टा, मुद्दाम जपून ठेवलाय. दुकानात छान चकचकीत होता, काळा, वर बारीक शिलाई. आता उजव्या बाजूला बघा, इथे, जिथे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची खोळ, बसायची तिथे तो खाली वाकून वाटीसारखा झालाय. भोकं गोल राहिलेली नाहीत, ओढून ओढून लांबट झालीत. आणि ही कड उसवलीय ना, आत काय आहे बघा, पुठ्ठा. वरून चामड्याचा पातळ थर, खालून रेक्झिन आणि मधे पुठ्ठा. हा पट्टा पँट धरायला बनवलेला होता आणि मी त्याच्यावर सरकारी नऊ एमएम पिस्तूल लटकवत होतो, जे भरल्यावर किलोच्या आसपास जातं. किलोभर साखरेची पिशवी पँटच्या एका बाजूला बांधून बारा तास फिरा, मग मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

एक सभा होती मराठवाड्यात, उन्हाळ्यातली, गर्दी इतकी की हात वर केला तर खाली घेता येत नव्हता. दोन तासांनी हा पट्टा इतका वाकला की होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलंडलं, पिस्तुलाची मूठ शरीरापासून सुटून शर्टाला ढकलायला लागली, आणि मग मी पूर्ण सभाभर उजवं कोपर त्याच्यावर दाबून उभा होतो. म्हणजे माझा एक हात गेला. पण हातापेक्षाही लक्ष गेलं, कारण मी गर्दीकडे बघायचं सोडून मनातल्या मनात स्वतःच्या कमरेकडे बघत होतो. त्या दिवशी काही घडलं नाही, पण रात्री मला झोप लागली नाही, घडलं असतं तर मी काय करणार होतो हाच विचार डोक्यात होता.

म्हणून आज नेमबाजीवर एक शब्द बोलणार नाही, ते तुमचे उस्ताद शिकवतीलच. मी पट्ट्यावर आणि कपड्यांवर बोलणार आहे, कारण माझं ठाम मत आहे की पिस्तूल अंगावर त्रास द्यायला लागलं की माणूस ते अंगावरून काढतो, मग ते गाडीच्या डॅशबोर्डमध्ये जातं, सीटखाली जातं, हॉटेलच्या खोलीत उशीखाली जातं, घरी फ्रीजवर जातं. आणि घरात लहान मूल असतं. होल्स्टर कमरेवर नीट बसलं असेल तर पिस्तूल दिवसभर एकाच जागी राहतं, आणि ती जागा तुम्हाला माहीत असते. कम्फर्ट हा शब्द ऐकला की काही जणांना वाटतं लाड चाललेत, पण तसं नाहीये, हा सेफ्टीचाच भाग आहे.

आता पट्टा घेताना काय बघायचं. रुंदी दीड इंच, म्हणजे अडतीस एक मिलिमीटर. फॉर्मल पँटवर आपण जे घालतो ते साधारण सव्वा इंची असतात, ते नको. जाडी चार-पाच मिलिमीटर. पण खरी परीक्षा जाडीची नाही, आडव्या ताठपणाची आहे, ती अशी करायची, पट्टा दोन हातांत एक फूट अंतरावर धरायचा आणि पिळायचा, टॉवेल पिळतो तसा. सहज पिळला गेला तर ठेवून द्या दुकानदाराकडे. लांबीत तो वळला पाहिजे, कमरेभोवती जायचंय त्याला, पण रुंदीत वाकता कामा नये. वजन पट्ट्याच्या वरच्या कडेला बाहेर ओढत असतं, त्यामुळे रुंदीत मऊ असलेला पट्टा कलंडतोच, मग होल्स्टर कितीही महागाचं असू दे.

चामडं घ्यायचं तर दोन थर एकमेकांना चिकटवून कडेनं शिवलेलं घ्या. आणि विचारा की चामडं कसं कमावलंय. क्रोमच्या रसायनात कमावलेलं मऊ असतं, जॅकेटला, पर्सला छान, पण आपल्या कामात ते ताणत जातं. झाडाच्या सालीत कमावलेलं ताठ राहतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात ना, तसं. माझा आत्ता कमरेला आहे तो पट्टा धारावीत करून घेतलाय, म्हशीच्या चामड्याचा, दोन थरांचा, आणि कारागिराला मी एकच गोष्ट जास्तीची सांगितली, भोकं इंचाइंचावर न पाडता अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाड. का? कारण सकाळी रिकाम्या पोटी कंबर वेगळी असते, जेवल्यावर वेगळी, आणि इंचाच्या अंतरात एक भोक सैल होतं आणि पुढचं आवळतं, मधलं काही मिळतच नाही. बक्कल साधं पितळी, एका काट्याचं. नायलॉनचे पट्टेही चांगले मिळतात, आत प्लास्टिकची ताठ पट्टी असलेले, आणि खरं सांगू का, मुंबई-कोकणात पावसाळ्यात नायलॉनच बरा. चामड्याला बुरशी धरते, घामानं ओलं राहतं, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवलेल्या पिस्तुलाला गंज चढतो.

आवळण्याबद्दल एक सांगतो, नीट ऐका. वजन खाली सरकतंय म्हणून पट्टा करकचून आवळायची सवय फार वाईट. कमरेच्या हाडाच्या पुढून एक शीर मांडीकडे जाते, ती दाबली गेली की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, आग होते, कातडी बधिर होते. डॉक्टर त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि जड पट्टे घालणाऱ्या पोलिसांमध्ये ही तक्रार असते. मलाही होती, वर्षभर मी पाठीचं दुखणं समजून तेल चोळत होतो. ताठ पट्ट्याला आवळावं लागत नाही, तो कमरेच्या हाडांवर टेकतो आणि वजन सगळीकडे वाटून घेतो. डाव्या बाजूला गोळ्यांच्या जादा मॅगझिनचा पाऊच लावला तर तोलही सांभाळला जातो. आणि पिस्तूल पाठीच्या मधोमध, मणक्यावर कधीही लावू नका. सिनेमात दिसतं तसं. पाठीवर पडलात तर खाली लोखंड आहे आणि वर मणका आहे, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही परेडला जो सॅम ब्राऊन पट्टा घालता त्याची गोष्ट माहितीये का कुणाला? सॅम्युअल ब्राऊन हा घोडदळातला इंग्रज अधिकारी, पंजाबच्या रिसाल्याचा. ३१ ऑगस्ट १८५८ ला पिलीभीतजवळ सिरपुरा इथल्या लढाईत त्याचा डावा हात तुटला, पार खांद्यापासून. आता तलवार उपसायची तर डाव्या हातानं म्यान धरावं लागतं, नाहीतर म्यान मागे-पुढे झुलतं, आणि त्याला डावा हातच नाही. मग त्यानं कमरेच्या पट्ट्याला एक खांद्यावरून जाणारा पट्टा जोडला, म्यान जागच्या जागी अडकवून टाकलं, आणि एका हातानं तलवार निघायला लागली. तोच पुढे जगभर फौजेत आणि पोलिसात गेला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्या माणसाला नेमकं कळलं होतं की हत्यार हलायला लागलं की दुसरा हात त्यालाच धरण्यात अडकतो. माझं कोपर त्या सभेत अडकलं होतं ना, अगदी तसं.

कपड्यांकडे येतो. तुमच्यात काही जण लायसन्सधारक आहेत, शेतकरी, व्यापारी, त्यांच्यासाठी आधी कायद्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर होल्स्टरमध्ये अंगाला लावलेली किंवा त्यासाठी असलेल्या पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि तुमच्या ताब्यात हवी. म्हणजे शर्ट खोचून रिव्हॉल्वर लोकांना दिसेल असं लग्नात मिरवायचं, हे नियमातच बसत नाही. झाकणं ही तुमची जबाबदारी आहे आणि ते काम कपडे करतात.

झाकताना काय दिसतं? नळी दिसत नाही, ती खाली पँटच्या रेषेत लपते. दिसते ती मूठ, मागे बाहेर आलेली. म्हणून होल्स्टर उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या जरासं मागे घ्यायचं आणि थोडं पुढे झुकवायचं, मूठ बरगडीच्या रेषेत येते. बत्तीस बोअरचं कानपूरचं रिव्हॉल्वर सातशे ग्रॅमच्या आसपास आहे, २०१४ ला आलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर तर पाचशे ग्रॅमचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, तरी रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चक्र जाड असतं आणि फुगवटा तिथे येतो. वजन कमी म्हणून पट्टा कसाही चालेल असं समजू नका.

आपल्याकडच्या अंगरक्षकांनी सफारी उगाच धरला नाही. बाहेर सोडलेला, सरळ कापाचा, कापड जाडसर, आणि बाजूला कट. हा साईड कट फार मोलाचा, बसताना सफारी होल्स्टरवर अडकून वर चढत नाही आणि गरज पडली तर हात सरळ आत जातो. आता सफारी कमी झाला, पोरं शर्ट-जीन्स घालतात, चालेल, पण एक साईज मोठा शर्ट घेऊन भागवू नका. खांदे उतरतात, माणूस उसना शर्ट घातल्यासारखा दिसतो आणि चार लोक तिथेच बघतात. त्यापेक्षा शिवून घ्या, खांदा आणि छाती मापात, कमरेला सरळ, लांबी नेहमीपेक्षा दोन इंच जास्त. पांढरं पातळ कॉटन टाळा, उन्हात आरपार दिसतं आणि घामानं चिकटतं. चौकड्या, बारीक प्रिंट, गडद रंग, यात आकार लपतो. आत बनियन हवाच, सुती, लांब, पँटमध्ये खोचलेला, नाहीतर होल्स्टरची कड दिवसभर कातडी सोलते.

पँट घ्यायला जाताना रिकामं होल्स्टर घालून जा. फक्त होल्स्टर, पिस्तूल घरी कुलपात. माझा टेलर म्हातारा आहे, पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं टेप लावली आणि म्हणाला, साहेब कंबर चौतीस. मी होल्स्टर पँटच्या आत सरकवलं आणि म्हटलं आता घ्या, तर छत्तीसला टेकली. तो थांबला, खडूनं कापडावर उजव्या बाजूला दोन रेघा मारल्या, होल्स्टरच्या दोन्ही कडांना, आणि स्वतःच म्हणाला, इथे दोन्हीकडे एकेक लूप टाकतो म्हणजे पट्टा खाली ओघळणार नाही. मला हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पँटला दोन लूप जास्त असतात, रुंद, पँटच्या कमरपट्टीसकट खालून डबल शिलाई मारलेले. होल्स्टर पँटच्या आत घालणार असाल तर कंबर दोन इंच वाढवाच, बाहेर घालणार असाल तर नेहमीची चालते पण मग शर्टाची लांबी होल्स्टरच्या टोकाखाली गेली पाहिजे.

कुर्ता-पायजमा घालणाऱ्यांनो, नाडीवर पिस्तूल बसत नाही, कितीही गाठी मारा. कुर्त्याखाली लूपवाली पँट घाला, वर जाकीट घातलं तर मूठ छान झाकते.

आणि ताई, तुम्ही मघाशी चहाच्या वेळी विचारलंत ते सगळ्यांसमोर सांगतो, कारण हा विषय कुणी बोलतच नाही. बायकांना पुरुषांचंच होल्स्टर, पुरुषांचाच पट्टा दिला जातो आणि मग सवय होईल म्हणून सांगतात. सवय होत नाही, कारण शरीराची ठेवण वेगळी आहे. कंबर वर असते, कुल्ले बाहेर येतात, त्यामुळे होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ उलटी बरगडीत रुतते. तुम्हाला होल्स्टर पट्ट्याच्या खाली उतरलेलं आणि अंगापासून थोडं सुटलेलं हवं, आणि पट्टा सरळ कापलेला नको, कमरेच्या वळणानं कापलेला हवा, चांगला कारागीर तो करून देतो. रेडिमेड लेडीज पँटचे लूप बघा, करंगळीएवढे बारीक आणि चारच, त्यावर भरवसा ठेवू नका. कुर्तीचे बाजूचे चिरे मात्र सफारीच्या कटचंच काम करतात, ते शिवताना कमरेपर्यंत घ्यायला सांगा. वरिष्ठ बसलेत समोर म्हणून मोठ्यानं सांगतोय, या मुलींना मापाचं सामान मिळालं पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे.

होल्स्टरचं थोडक्यात, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि पिस्तूल काढल्यावर ज्याचं तोंड मिटत नाही असं. बाजारात मिळतं ते मऊ कापडी, त्याचं तोंड मिटतं, मग परत घालताना माणूस नळीनं तोंड शोधत बसतो, ते नको. आणि परत घालताना शर्टाची कड बाजूला धरलीय ना बघा, कापडाची घडी ट्रिगरमध्ये अडकली तर गोळी सुटू शकते.

नवीन कपडे घरी घालून तपासा, पिस्तूल रिकामं, दोनदा बघितलेलं, मॅगझिन दुसऱ्या खोलीत. दोन्ही हात वर करा, लोकलची कडी धरतो तसे. बुटाची नाडी बांधायला वाका. खुर्चीत बसा, उठा. गाडीत बसून सीटबेल्ट लावा आणि शर्ट पट्ट्याखाली दाबला जात नाही ना बघा. जिना पळत चढा. प्रत्येक वेळी हात आपोआप कमरेकडे गेला का, हे बायकोला नाहीतर भावाला बघायला सांगा, स्वतःला कळत नाही ते.

बास. आता टेबलावर निळ्या प्लास्टिकच्या डमी, म्हणजे खोट्या पिस्तुली, ठेवल्यात, चार-पाच तऱ्हेचे पट्टे आहेत, हा पुठ्ठ्याचा आणि माझा धारावीचाही आहे. दोघं दोघं या, पहिल्यांदा दोन्ही पट्टे पिळून बघा, मग डमी लावून या जिन्यावरून एक चक्कर मारून या. ताई, तुम्ही आधी या, वळणाचा पट्टा एकच आहे.