मे महिन्यापासून मागे मोजत

[टेबलावर पसरलेलं वर्षभराचं कॅलेंडर, पेन्सिल, खोडरबर]

हे जे टेबलावर पसरलंय ना, त्यात सगळ्यात आधी भरलेला चौकोन ऑगस्टचा नाही, मे महिन्यातला आहे. शाळा उघडायला अजून पाच आठवडे आहेत, वर्गात कोण पोरं येणार तेही माहीत नाही, पण परीक्षेची तारीख मात्र आत्ताच पक्की. कोर्सचं नाव एपी (म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) वर्ल्ड हिस्ट्री: मॉडर्न. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकवतात पण पातळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, अभ्यासक्रम आणि पेपर दोन्ही कॉलेज बोर्ड नावाची संस्था ठरवते, आणि मेच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत एक दिवस येतो की सगळीकडची पोरं हा पेपर द्यायला बसतात.

आता गंमत अशी की पेपर सगळ्यांचा सारखा पण शाळा सगळ्यांच्या एकदम उघडत नाहीत. दक्षिणेकडच्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, ईशान्येकडच्या कित्येक शाळा सप्टेंबर उजाडल्यावर. म्हणजे एकाच परीक्षेला काही पोरं चांगले तीन-चार आठवडे जास्त शिकून येतात. आमची शाळा मधली. त्यातून सुट्ट्या वजा करा, बर्फाचे दिवस वजा करा, इतर परीक्षांना वर्ग अडकतात ते वजा करा, म्हणजे मग कळतं की 'वर्षभराचा कोर्स' हे नुसतं म्हणायचं, हातात येतात जेमतेम आठ महिने.

हे शहाणपण मला पहिल्या वर्षी नव्हतं. तेव्हा मी कॅलेंडर सरळ पुढून भरलं होतं, पहिला धडा पहिल्या दिवशी, दुसरा दुसऱ्या, आणि मला मंगोल फार आवडतात त्यामुळे मंगोलांना पूर्ण तीन आठवडे दिले, घोडे काय, याम नावाची टपालव्यवस्था काय, १२५८ मध्ये त्यांनी उद्ध्वस्त केलेलं बगदाद काय, पोरंही खूश, मीही खूश. मार्च आला तेव्हा आम्ही फ्रेंच राज्यक्रांतीत होतो. दोन महायुद्धं मिळून पाच तास, शीतयुद्ध एका झेरॉक्सवर, आणि मागच्या बाकावरच्या एका पोरीनं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "मिस, गांधी आधी येणार की परीक्षा?"

परीक्षा आधी आली.

[जगाचा नकाशा, हळूहळू झूम]

तर आता उलटं. पण मागे मोजत येताना कुठेतरी थांबायला लागतं, सुरुवात कुठून करायची हा प्रश्न येतोच, आणि तो दिसतो तेवढा साधा नाहीये. आधी हा कोर्स शेतीच्या सुरुवातीपासून होता, दहा हजार वर्षं एका वर्षात, शिक्षकांना धाप लागायची. २०१८ मध्ये कॉलेज बोर्डानं जाहीर केलं की आता फक्त १४५० पासून पुढे. यावर शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही खवळले, आणि कारण नीट समजून घेण्यासारखं आहे: १४५० ला पडदा उघडला तर रंगमंचावर पहिली एन्ट्री युरोपियन जहाजांची होते. आफ्रिका, अमेरिका खंड, आशिया हे सगळे जणू कोणीतरी येऊन शोधायची वाट बघत बसलेले. पश्चिम आफ्रिकेतलं मालीचं साम्राज्य नाही, सोंग राजवटीचा चीन नाही, ज्यांनी काही केलं ते यायच्या आधीच गोष्ट सुरू. दोनेक महिन्यांत बोर्ड थोडं मागे सरकलं आणि १२०० वर तडजोड झाली, २०१९ च्या शैक्षणिक वर्षापासून तेच चालू आहे.

१२०० पण ओढूनताणूनच आहे म्हणा. इस्लाम सातव्या शतकातला, बौद्ध धर्म त्याच्याही हजारेक वर्षं आधीचा, आणि ते न सांगता तुम्ही दिल्ली सल्तनत कशी शिकवणार? म्हणून पहिल्या आठवड्यात एक नकाशा आणि धर्म कुठून कुठे गेले याच्या रेघा, बास. त्यात रमायचं नाही. मला रमायला होतं, म्हणून स्वतःलाच लिहून ठेवलंय, आठवडा एकच.

युनिटं नऊ आहेत. ती सारखी वाटून टाकावीत असा मोह होतो, पण पेपरात वजन सारखं नाही. १४५० ते १९०० या साडेचारशे वर्षांची चार युनिटं, म्हणजे जमिनीवरची साम्राज्यं, समुद्रापलीकडचे संबंध, क्रांत्या आणि औद्योगिकीकरणाचे परिणाम, यांना प्रत्येकी १२ ते १५ टक्के, बाकीच्या पाचांना प्रत्येकी ८ ते १०. म्हणजे निम्मा पेपर मधल्या साडेचारशे वर्षांत. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीआधी १७५० गाठायचंच, ही माझी एकमेव लाल रेघ, बाकी सगळं पेन्सिलनं.

[हातात एक नाणं, क्लोजअप]

आता हे नाणं बघा. खरं नाहीये, नक्कल आहे, पण वजन बऱ्यापैकी जमलंय. आठ रेआलचं स्पॅनिश चांदीचं नाणं. नोव्हेंबरमध्ये एक दिवस मी काहीच न बोलता हे पहिल्या बाकावर ठेवते आणि म्हणते, हातोहात मागे द्या, आणि हे तुमच्याआधी कोणाकोणाच्या हातात असेल ते लिहा. पोरं लिहितात राजा, व्यापारी, समुद्री चाचे. खाणीतला माणूस सहसा कोणीच लिहीत नाही.

मग नकाशा. आजच्या बोलिव्हियातलं पोतोसी, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंच, तिथल्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. हवा इतकी विरळ की नवख्या माणसाला चालताना दम लागतो आणि इथे माणसं खाली खाणीत उतरून दगड वर आणतायत. १५७० च्या दशकात स्पेनचा पेरूमधला व्हॉइसरॉय तोलेदो यानं मिता नावाची पद्धत लावली, गावागावांतून पाळीनं माणसं खाणीवर पाठवायचीच. हे नाव त्यानं काढलं नाही, इंका राज्यात मिता आधीपासून होतीच, रस्ते बांधायला, शेतं पिकवायला. स्पॅनिशांनी शब्द तोच ठेवला आणि आतला माल बदलला. ही एक ओळ पोरांना कळली ना, की 'सातत्य आणि बदल' नावाचा जो कौशल्याचा मुद्दा परीक्षेत असतो तो वेगळा शिकवायलाच लागत नाही.

चांदी तिथून निघाली की एक वाट अटलांटिकवरून युरोपात जाते आणि दुसरी, जी पोरांना माहीतच नसते, मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्समधल्या मनिलाला. १५७१ ला स्पॅनिशांनी मनिला वसवलं, तेव्हापासून ही गलबतं १८१५ पर्यंत ये-जा करत होती. मनिलात चिनी व्यापारी थांबलेले, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन, कारण त्याच सुमाराला मिंग चीननं वेगवेगळे कर आणि वेठबिगारी एकत्र करून सगळं चांदीत भरायला लावलं होतं. म्हणजे चीनमधल्या शेतकऱ्याला कर भरायला जी चांदी लागते ती पोतोसीचा, अँडीज पर्वतातला माणूस खणतोय, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! इथे वर्गात एक मिनिट शांतता असते, दर वर्षी. आणि शेवटी मी सांगते की हेच स्पॅनिश नाणं अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं, मग ते पुन्हा एकदा हातात घेऊन बघतात, जरा वेगळ्या नजरेनं.

याला पूर्ण दोन तास जातात. दोन तास म्हणजे चैन आहे, त्यासाठी दुसरीकडे कात्री लावलीये, ओटोमन सुलतानांची यादी गेली, युरोपातली धर्मयुद्धं अर्ध्या तासावर आली. कोलंबसनंतरची पिकांची अदलाबदल मात्र अशी पटकन होते, मका, टोमॅटो, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. आपला 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांबरोबर मराठीत आला, पण हे मी वर्गात सांगत नाही, तिथे कोणाला त्याचं काय, इथे सांगतेय.

[संगणकाच्या स्क्रीनवर एक उतारा]

पेपर नेमका कसा असतो ते सांगते, कारण प्लॅनचा सांगाडा तोच आहे. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, तेही नुसते नाहीत, आधी एखादा उतारा किंवा नकाशा किंवा चित्र देतात आणि त्यावर तीन-चार. मग ४० मिनिटांत तीन छोटी उत्तरं. मग कागदपत्रांवरचा निबंध, सात कागदपत्रं, एक तास, त्यातली १५ मिनिटं वाचायला. शेवटी ४० मिनिटांचा एक मोठा निबंध. २०२५ पासून सगळं कॉम्प्युटरवर, त्यामुळे सराव पण टाइप करूनच, हातानं लिहायची सवय लावून उपयोग नाही.

म्हणजे पाठांतरावर फार तर थोडं निभावतं. कोणी लिहिलंय, कधी, कोणासाठी, हे विचारायची सवय लागते ती एप्रिलमध्ये नाही लागत, सप्टेंबरपासून लावावी लागते. त्यासाठी माझा ठरलेला उतारा म्हणजे मालीचा राजा मन्सा मुसा. १३२४ मध्ये हजला जाताना तो कैरोत थांबला आणि इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला. ही गोष्ट पोरांनी ऑनलाइन ऐकलेली असते, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस वगैरे. मी विचारते, हे आपल्याला सांगितलं कोणी? अल-उमरी नावाच्या अरब इतिहासकारानं. तो होता का तिथे? नव्हता. मुसा येऊन गेल्यावर साधारण बारा वर्षांनी तो कैरोत लोकांकडून ऐकतोय, लोक अजून त्याबद्दलच बोलतायत. मग हा पुरावा कच्चा की पक्का? आणि वर्गाचे दोन तट पडतात, एक म्हणतो बारा वर्षांत गोष्ट फुगली असणार, दुसरा म्हणतो बारा वर्षांनीही आठवतेय म्हणजे काहीतरी मोठंच घडलं असणार. दोघंही बरोबर. मी मध्ये पडत नाही, घंटा होईपर्यंत भांडू देते.

लिहिणं मात्र कष्टाचं काम आहे, पोरांनाही आणि मलाही. सप्टेंबरमध्ये पूर्ण निबंध नाही, फक्त एक वाक्य, मुख्य विधान. पहिल्या आठवड्यात हमखास येणारं वाक्य: "व्यापारामुळे जगात खूप बदल झाले." यात खोटं काही नाही आणि सांगितलंय पण काही नाही. कोणता व्यापार, कुठे, काय बदललं, काय तसंच राहिलं, असं टोकत टोकत नोव्हेंबरपर्यंत त्याच पोराकडून येतं की, चांदीच्या व्यापारानं मिंग चीनची करपद्धत बदलली पण अधिकारी निवडायची परीक्षा तशीच राहिली. हे वाक्य बघून मी खुर्चीतून उठते, खरंच.

आणि तपासणं. दोन वर्ग धरले तर साठ पोरं, एका निबंधाला पाच मिनिटं म्हटली तरी पाच तास, आणि पाच मिनिटांत निबंध तपासून होतो असं म्हणणाऱ्यानं तो तपासलेला नसतो. म्हणून कॅलेंडरवर या ज्या निळ्या खुणा आहेत त्या पोरांसाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत, मोठा निबंध महिन्यातून एकदाच, आणि सत्र संपायच्या आठवड्यात तर अजिबात नाही.

[कॅलेंडरचा खालचा भाग]

जानेवारी क्रांत्यांची. यात हैती मी कधीच कापत नाही, १७९१ ला गुलामांनी उठाव केला आणि १८०४ ला स्वतंत्र देश उभा केला, पॅरिसमध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांना त्यांच्याच वसाहतीनं विचारलेला प्रश्न आहे तो. फेब्रुवारीत कारखाने आणि साम्राज्यं. मार्चमध्ये दोन्ही महायुद्धं एकत्र, लढायांची नावं जवळजवळ नाहीच, आणि दर वर्षी एखादा पोरगा रणगाड्यांवरून हिरमुसतो, काय करणार. एप्रिलच्या मध्यापर्यंत शीतयुद्ध आणि स्वातंत्र्याच्या चळवळी, १९४७ चा भारत, १९५५ ची आशिया-आफ्रिकेतल्या देशांची बांडुंग परिषद, १९५७ चा घाना, आणि १९६० हे एकच साल ज्यात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. जागतिकीकरणाला चार दिवस, ते पोरं जगतातच आहेत. उरलेले दोन-अडीच आठवडे उजळणी.

परीक्षेनंतरचे चौकोन मी मोकळे ठेवते. तेव्हा पोरं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारून येतात, तुम्ही किंवा तुमचे लोक इथे कसे आलात, आणि मग त्या माणसाला आमच्या नऊ युनिटांपैकी कुठे बसवायचं यावर वाद. त्याला मार्क नाहीत. तेव्हाच सगळे वेळेवर येतात.

[पेन्सिल, खोडरबर, हात]

राहिले मंगोल. तीन आठवडे होते, गेल्या वर्षी आठ तासांवर आणले, आज बसून सहा केले. बगदाद ठेवलं, याम ठेवली, घोडे गेले. वाचलेले दोन तास कुठे गेले ते तुम्ही मघाशी बघितलंच, त्या नाण्याकडे.

आता एवढाच एक चौकोन रिकामा आहे, अगदी वरचा, ऑगस्टमधला पहिला दिवस. पोरं नवी, मी नवी, कोणाला कोणाचं नाव माहीत नाही. तेव्हा फळ्यावर एकच साल लिहिणार. त्या एका सालात मंगोलियाच्या गवताळ माळावर तेमुजिनला जमलेल्या टोळ्यांनी चंगीझ खान म्हणून मान्य केलं, आणि तिकडे लाहोरला कुतुबुद्दीन ऐबक गादीवर बसला आणि दिल्ली सल्तनत सुरू झाली. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असेल का, एवढंच विचारायचं आणि बघायचं पहिला हात कोणाचा वर होतो.

१२०६. लिहिलं, पेन्सिलनंच.