दिवसभर राबता, तरी मोठं काम तसंच? यादीतली ती एक ओळ बदला

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: "दादा, सकाळपासून उसंत नाही, तरी जे करायचं तेच राहतं."

यादी रात्रीच करा, अवघड काम सकाळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. हे तुम्हाला माहितीये, पुढे जाऊ.

आणि कृपा करून आयझेनहॉवरचे चार चौकोन, म्हणजे कामं तातडीची आहेत का आणि महत्त्वाची आहेत का यावरून वाटायचा तो तक्ता, पाठवणं थांबवा! १९५४ च्या भाषणात या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी तातडीचं आणि महत्त्वाचं यातला फरक सांगितला, तोही एका माजी कॉलेज अध्यक्षाचं म्हणणं म्हणून. चौकोनांचा त्यात पत्ताच नाही. एका ताईंनी तर चार रंगांत वही रंगवून फोटो पाठवलाय. सुंदर आहे हो, पण त्यातलं काम कधी करणार?

माझं घोडं अडतं ते पुढे. महत्त्वाच्या चौकोनात लोक काय लिहितात? "वारस नोंद." झालं! आमच्या एका काकांच्या डायरीत हे दोन शब्द दर जानेवारीला नव्या पानावर उतरायचे. आजोबा गेले, सातबारावर नाव त्यांचंच. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं. पण लाइट बिलाला शेवटची तारीख छापलेली असते, मेसेज येतो, वेळेत भरलं जातं. वारस नोंदीसाठी कोण फोन करतंय? मधल्या काळात आत्याही गेल्या, आता त्यांच्या मुलांचीही कागदपत्रं जमवायची.

"वारस नोंद" हे काम नाही, ते कामांचं गाठोडं आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, तलाठी कार्यालयात अर्ज, मग नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. यादीत लिहायचं, "लोखंडी कपाटातून आजोबांचा मृत्यूचा दाखला काढणे." बस, एवढंच.

अजून पटत नाही? तुमची ओळ शेजारच्या पोराला वाचायला द्या. काय करायचं ते त्याला न विचारता कळलं पाहिजे. "इंग्रजी सुधारणे" वाचून तो तुमच्याकडे बघत बसेल. "संध्याकाळी सातला एक पान मोठ्याने वाचणे" हे त्यालाही कळेल.

आणि उलट्या बाजूने बघा. आज झोपायच्या आधी त्या ओळीवर काट मारता येईल का? नसेल येत, तर ती ओळ फोडा. अजून नाही? अजून फोडा!

एकाने लिहिलंय, "हा आळस आहे, सर." नाही हो! २०१८ साली जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये काही प्रयोग छापून आलेत. एका कामाला मोबदला कमी, पण त्याची वेळ संपत आलीये असं नुसतं दाखवलं, तर बरेच लोक जास्त मोबदल्याचं काम सोडून तेच उचलतात. म्हणून त्या दाखल्याच्या ओळीपुढे वारही लिहा. "या आठवड्यात" चालणार नाही. "गुरुवार, जेवणाआधी."

"दादा, माझ्याकडे अशी वीस महत्त्वाची कामं आहेत" म्हणणाऱ्यांनी आज एकच फोडायचं. फोडलेली ओळ कमेंटमध्ये टाका, मी वाचतो. चौकोन टाकलात तर उत्तर नाही देणार, आधीच सांगतो.