अर्धी सांगितलेली गोष्ट: शिकागोतल्या वस्ती संघटना

पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या पुढे, मी कुणाला प्रश्न विचारणार नाहीये. पत्रिकेत विषय छापलाय 'युद्धानंतरची अमेरिकन शहरं: वस्ती संघटन आणि वर्णभेद', आणि मी आयोजकांना सांगितलं होतं की शिकागो, रॉचेस्टर, डेट्रॉइट सगळं घेतो. पण मी शिकागोत अडकणार हे मला ओळखणाऱ्यांना आत्ताच कळलं असेल.

माझी एक जुनी तक्रार आहे. कार्यकर्त्यांच्या शिबिरांमध्ये सॉल ॲलिन्स्की या अमेरिकन वस्ती संघटकाच्या पद्धती शिकवतात, लोक कसे जोडायचे, सत्तेला कुठे चिमटा काढायचा वगैरे, आणि गोष्ट १९३९ ला संपवतात. म्हणजे विजय झाला, टाळ्या, जेवणाची सुट्टी. अहो पण पुढे काय झालं ते कोण सांगणार?

तर १९३९. शिकागोत प्रचंड मोठे कत्तलखाने, युनियन स्टॉक यार्ड्स, आणि त्यांच्या मागची वस्ती, नावच 'बॅक ऑफ द यार्ड्स'. पोलिश, लिथुआनियन, स्लोव्हाक, आयरिश, जर्मन, थोडे मेक्सिकन. बहुतेक सगळे कॅथलिक, देव एकच, पण चर्च प्रत्येकाचं वेगळं, आणि या चर्चचा फादर त्या चर्चच्या फादरशी बोलत नाही. हसू नका, तुमच्या एका पेठेत गणपती किती बसतात ते मोजा आधी.

तिथे ॲलिन्स्की आला, मूळचा गुन्हेगारीचा अभ्यास करायला, आणि त्याला भेटला जो मीगन, तिथल्याच पार्कचा व्यवस्थापक. या दोघांनी फादर लोकांना बंधुभावाचं प्रवचन दिलं नाही. पगार वाढले तर तुमच्याच चर्चची दानपेटी भरेल, असा हिशेब मांडला. दुकानदाराला त्याच्या गल्ल्याचा हिशेब. जुलैमध्ये या सगळ्यांना जोडणाऱ्या वस्ती संघटनेची, म्हणजे कौन्सिलची, पहिली सभा झाली आणि दोनच दिवसांनी कामगारांच्या मेळाव्यात बिशप शील आणि युनियनचा राष्ट्रीय नेता जॉन लुईस एका स्टेजवर बसले. ज्या युनियनला कम्युनिस्ट म्हणून शिव्या पडायच्या तिच्या स्टेजवर चक्क बिशप! कत्तलखान्याच्या कंपनीनं युनियनशी वाटाघाटी केल्या, पुढे वस्तीत बाळांचा दवाखाना आला, पोरांना गरम जेवण, पतपेढी. खरंच मोठं काम होतं, मी ते कमी लेखत नाही.

पण आता बघा. कत्तलखान्यात काळे कामगार भरपूर होते, त्याच युनियनमध्ये होते, पुढारीही होते. पाळी संपली की मात्र ते पूर्वेला काळ्यांच्या वस्तीच्या पट्ट्यात, ब्लॅक बेल्टमध्ये, घरी जायचे, या वस्तीत त्यांना घर नाही. युद्धाच्या आधी शहरात काळे लोक पावणेतीन लाखांच्या आसपास, १९६० ला आठ लाखांच्या वर. राहणार कुठे? १९५१ मध्ये शेजारच्या सिसेरोत हार्वे क्लार्क नावाच्या काळ्या बस ड्रायव्हरनं, माजी सैनिक बरं का, भाड्याने घर घेतलं तर हजारोंचा जमाव आला आणि शेवटी नॅशनल गार्ड बोलवावा लागला.

आणि आपलं कौन्सिल काय करत होतं? घरदुरुस्तीची मोहीम. ठेवी वस्तीतल्याच लोकांच्या, त्यामुळे बँकांनी स्वस्त कर्जं दिली, हजारो घरं नीट झाली. उद्देश काय, तर आपली माणसं सोडून जाऊ नयेत, म्हणजे काळे येऊ नयेत. दुसरं वाक्य कुणी बोलत नव्हतं, पण कळत सगळ्यांना होतं. तीच कौशल्यं, तेच फादर, तोच मीगन! ॲलिन्स्कीला हे बघून त्रास झाला. मिश्र वस्ती म्हणजे पहिलं काळं कुटुंब आल्यापासून शेवटचं गोरं कुटुंब जाईपर्यंतचा काळ, हे त्याच्याच नावावर सांगतात. १९५९ ला तर त्यानं नागरी हक्क आयोगापुढे जाऊन गोऱ्या वस्त्यांमध्ये काळ्यांसाठी कोटा ठेवा असं सुचवलं, आणि दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्ली.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'आपली वस्ती' या भावनेवर संघटना उभी केली की 'आपली' म्हणजे कोण हे आधीच ठरलेलं असतं, आणि संघटना जितकी चांगली बांधाल तितकं ते कुंपण पक्कं होतं. गोरे लोक मनानं वाईट होते एवढ्यावर हे सुटत नाही, कारण घराची किंमत हीच त्यांची आयुष्यभराची कमाई होती आणि काळा शेजारी आला की किंमत पडणार हे सरकारी गृहकर्जाच्या नियमांतच लिहिलेलं होतं... हो, चिठ्ठी मिळाली, सात मिनिटं, ठीक आहे.

आता पळतो. वुडलॉन. शिकागो विद्यापीठाला त्या काळ्या वस्तीच्या कडेची जागा हवी होती, रेव्हरंड आर्थर ब्रेझियर वगैरेंनी ॲलिन्स्कीच्या माणसांच्या मदतीनं संघटना बांधली, आणि ऑगस्ट १९६१ मध्ये ४६ बसेस भरून दोन हजारांवर लोक मतदार नोंदणीला सिटी हॉलवर गेले. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोतल्याच लॉनडेल या काळ्या वस्तीत राहायला आले, मार्क्वेट पार्क या गोऱ्या वस्तीतल्या मोर्चात त्यांना दगड लागला, असा द्वेष मिसिसिपीतही पाहिला नाही म्हणाले.

त्याच लॉनडेलमध्ये, हे महत्त्वाचं आहे, बँक कर्ज देत नाही म्हणून काळी कुटुंबं घरं कॉन्ट्रॅक्टवर घ्यायची, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. दलालानं घाबरवून गोऱ्याकडून स्वस्तात घेतलेलं घर जवळपास दुपटीला, आणि एक हप्ता चुकला की घरही गेलं, पैसेही गेले. १९६८ ला हे लोक एकत्र आले, हप्ते थांबवले, पोलिसांनी सामान रस्त्यावर टाकलं की शेजारी उचलून परत आत नेऊन ठेवायचे. शेकडो कुटुंबांनी करार बदलून घेतले, कोर्टात मात्र हरले.

आणि गेल सिंकोटा, ऑस्टिन वस्तीतली गोरी गृहिणी. तिनं काळ्या शेजाऱ्याला सोडून बँकेला धरलं. बँका कुठल्या वस्तीत कर्ज देतात ते जाहीर करा, हा कायदा १९७५ ला झाला, वस्तीत कर्ज द्या हा १९७७ ला, दोन्हीमागे तिची माणसं. यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव कुठून घेतलं ते तुम्हाला माहीतच आहे, पण शिकागोच्या त्या ब्लॅक पँथर्सनी, काळ्यांच्या लढाऊ संघटनेनं, १९६९ मध्ये दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांशी युती केली होती तेही राहिलं.

रॉचेस्टर आणि तिथली कोडॅक कंपनी, ते चहाच्या वेळी विचारा, आणि हो, डेट्रॉइटला मी हातच लावला नाही, त्याबद्दल आयोजकांनी मानधन कापू नये.