पुडक्यातला काँग्रेसचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

ॲलन थॉर्नडाइक राइस. जन्म १८५१, गाव बॉस्टन. घरी गडगंज पैसा, शिक्षण ऑक्सफर्डला. वयाच्या पंचविशीत, १८७६ साली, त्यानं 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' हे जुनं, भारदस्त आणि फारसं न खपणारं त्रैमासिक विकत घेतलं, बॉस्टनहून न्यूयॉर्कला हलवलं आणि १८७९ मध्ये त्याचं मासिक केलं. त्याची रीत सरळ होती: प्रश्न एक, आणि त्यावर हाडवैऱ्यांना लिहायला लावायचं. १८८१ मध्ये ख्रिस्ती धर्मावर त्यानं धर्मावर टीका करणारा वक्ता इंगरसोल आणि धर्माची बाजू घेणारा जेरेमाया ब्लॅक यांना असं समोरासमोर उभं केलं. (नाहीतर आपले काही दिवाळी अंक! सहा जण तीच गोष्ट सहा वेळा सांगतात आणि वर नाव 'परिसंवाद'.)

पण मला सांगायचीय ती १८८६ची गोष्ट. त्या साली राइस न्यूयॉर्कमधून रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, उभा राहिला.

तेव्हाची मतपत्रिका सरकार छापत नसे. लक्षात ठेवा, सरकार छापत नसे, पक्ष छापत. केंद्राबाहेर पक्षाचा माणूस त्या वाटत उभा. काँग्रेस, विधानसभा, शहर, प्रत्येकाची पेटी निराळी, म्हणून कागदही निराळे. ते घडी घालून एकत्र पुडक्यात मिळत. मतदार पुडकं घेई, आत जाई, एकेक कागद त्या त्या पेटीत. उघडून वाचणारे थोडेच. आणि कुणाचं पुडकं कुणी घेतलं, हे रस्त्यावरून दिसे. पैसे देऊन मत घेणाऱ्याला तेच हवं असे: दिलेल्या पैशाचं काम झालं की नाही, ते डोळ्यांनी पाहता येई.

आता यातली मेख. पुडकं बांधणारा स्थानिक पुढारी फितला, तर बाकी सगळे कागद आपल्याच पक्षाचे ठेवून काँग्रेसचा तेवढा एक कागद समोरच्याचा घालू शकतो. दुसरी युक्ती डिंकाच्या पट्टीची. पट्टीवर एक नाव छापलेलं. छापील नावावर चिकटवली की मत दुसऱ्याचं. उमेदवाराला कळतं ते मोजणीनंतर. राइस हरला. आपल्याच पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी आपल्याला विकलं, असा त्याचा आरोप होता.

मग त्यानं ऑस्ट्रेलियन पद्धतीचा पाठपुरावा केला. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात ती १८५६ पासून होती. सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर, कागद सरकारी, मिळणार केंद्राच्या आतच, आणि खूण करायची आडोशाला. पुन्हा सांगतो: कागद सरकारी, आणि मिळणार आतच. पुडकं बांधणाऱ्याचा धंदा तिथं बसतो.

मॅसॅच्युसेट्सनं १८८८ मध्ये असा कायदा केला. न्यूयॉर्कमध्ये मात्र गव्हर्नर हिलनं विधेयक दोनदा अडवलं. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसननं राइसला रशियातला अमेरिकेचा राजदूत नेमलं. निघण्याआधीच, १६ मे रोजी, तो गेला. वय सदतीस. न्यूयॉर्कचा कायदा झाला १८९० मध्ये, आणि त्यातही पक्षांनी डिंकाची पट्टी ठेवून घेतलीच!

मासिकाची मालकी राइसनं मृत्युपत्रानं लॉइड ब्राइसला दिली. ब्राइस ऑक्सफर्डमधल्या राइसच्याच कॉलेजचा, पण डेमोक्रॅट. १८८६च्या त्याच निवडणुकीत, त्याच न्यूयॉर्कमधून, काँग्रेसवर निवडून आलेला.