यादीत देशाचं नाव आहे म्हणजे तिथलं पेटंट मिळालं असं नाही

तासगावकडचे एक बागायतदार माझ्याकडे आले होते, द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरला लावायचा नोझल त्यांनी स्वतः बनवलेला. हातात पीसीटी अर्जाचं, म्हणजे अनेक देशांसाठी एकदमच करता येतो त्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या पेटंट अर्जाचं, छापलेलं पहिलं पान, लॅमिनेट करून आणलेलं. त्यावर ८१ नंबरसमोर दोन-दोन अक्षरांची लांबच लांब यादी, त्यातल्या झेडए वर बोट ठेवून म्हणाले, सर, हे साऊथ आफ्रिका ना, मग तिथं माझं पेटंट आहेच की. तारीख बघितली तर भारतातल्या पहिल्या अर्जाला तीन वर्षं होऊन गेलेली. मला काय बोलावं तेच सुचेना, कारण साऊथ आफ्रिकेत तो अर्ज पुढे न्यायची मुदत पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांची असते आणि ती कधीच संपली होती.

म्हणून आज मी त्या यादीबद्दलच बोलणार आहे. पूर्वी अर्जात एकेका देशावर टिक करायला लागायची आणि त्याची फीसुद्धा भरायला लागायची, म्हणजे देश अर्जदाराला स्वतः निवडायला लागायचे. १ जानेवारी २००४ पासून ते बंद झालं. आता तुम्ही अर्ज टाकला की त्या दिवशी करारात असलेले सगळे देश आपोआप धरले जातात, दीडशेच्या वर आहेत ते, भारत १९९८ च्या डिसेंबरपासून आहे. फक्त जर्मनी, जपान आणि कोरिया वगळायची सोय फॉर्मवर आहे, कारण तिथं आधी केलेला स्वतःचाच अर्ज अशाने रद्द धरला जाऊ शकतो, आपल्याकडच्या बहुतेकांना त्याचं काही नाही.

म्हणजे ती यादी तुम्ही निवडलेली नसते, ती सगळ्यांच्याच पानावर येते. त्याचा अर्थ एवढाच की या देशांचं दार मुदत संपेपर्यंत तुमच्यासाठी उघडं आहे. आत जायचं तर पहिल्या अर्जाच्या तारखेपासून बहुतेक ठिकाणी ३० महिने, भारतात आणि युरोपियन पेटंट ऑफिसात ३१, एवढ्यात त्या त्या देशात फी, लागलं तर भाषांतर, तिथला एजंट हे सगळं करायला लागतं, मग तिथला परीक्षक तपासणार आणि पटलं तरच पेटंट देणार. त्या पानावरचा डब्ल्यूओ ने सुरू होणारा नंबर हा नुसता प्रकाशनाचा नंबर आहे, जगाचं पेटंट असं काही अस्तित्वातच नाही.

अजून एक, ८१ च्या यादीत फ्रान्सचं एफआर शोधा, सापडणार नाही. खाली ८४ मध्ये बघा, तिथं युरोपियन पेटंटच्या कंसात ते आहे, कारण पीसीटीतून फ्रान्सला थेट जाता येत नाही, युरोपियन ऑफिसातूनच जायला लागतं. जर्मनी मात्र दोन्हीकडे दिसेल. आणि तैवान कुठेच नाही, तिथं माल विकायचा असेल तर पीसीटीच्या भरवशावर थांबू नका, वेगळा अर्ज करा.

तुमच्याकडे असं पान असेल तर आज घरी जाऊन त्यावरची ३० नंबरची तारीख बघा, अग्रक्रमाची तारीख ती, म्हणजे तुमच्या पहिल्या अर्जाची. तिच्यात ३० महिने मिळवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा.