आधी गोळी, मग काडतूस

मंडळी, लांब पल्ल्याच्या टार्गेट शूटिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ".२२३ घेऊ, ६ मिमी बीआर घेऊ, की .२४३?" प्रश्न रास्त आहे, पण तो उलट्या टोकाने विचारलेला आहे. ही काडतुसांची नावं. काडतुसाचं नाव तुम्हाला मुख्यतः पुंगळी, म्हणजे दारू भरायचं पितळी कवच, सांगतं, आणि पुंगळी टार्गेटपर्यंत जात नाही. जाते ती गोळी. म्हणून आधी गोळी ठरवा, मग तिला लागणारा ट्विस्ट (नळीतल्या पिळाचा एक फेरा किती इंचांत पुरा होतो ते), आणि ती गोळी पुरेशा वेगाने ढकलेल एवढीच पुंगळी. सगळ्यात मोठी नव्हे, पुरेल एवढी.

आज मी दोनच व्यासांबद्दल बोलणार आहे: .२२४ इंच, म्हणजे ५.६९ मिमी, ही .२२३ ची गोळी, आणि .२४३ इंच, म्हणजे ६.१७ मिमी, ही ६ मिमी बीआर आणि .२४३ ची. ६.५ मिमीचे चाहते इथे बरेच दिसतायत, त्यांनी तासभर सोसावं.

लांबवर आपला खरा प्रतिस्पर्धी वारा. गोळी खाली किती पडणार याचं गणित पक्कं असतं. अंतर माहीत असलं की स्कोपच्या चकतीला तेवढे क्लिक द्यायचे आणि विषय संपला. वारा मात्र दर शॉटला नवा असतो. आता वारा गोळीला किती सरकवतो? बहुतेकांना वाटतं, गोळी हवेत जितका वेळ असते तितकी ती सरकते. तसं नाही. हवाच नसती तर तेवढं अंतर कापायला जो वेळ लागला असता, त्याहून प्रत्यक्षात किती जास्त लागला, तो उशीर मोजायचा. उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग म्हणजे सरकणं. समजा गोळी ८५० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाली आणि टार्गेट ८५० मीटरवर आहे. हवा नसती तर बरोबर एक सेकंद लागला असता. प्रत्यक्षात १.४ सेकंद लागले, म्हणजे उशीर ०.४ सेकंद. आडवा वारा ४ मीटर प्रतिसेकंद असेल तर गोळी १.६ मीटर बाजूला जाते. झाडाची पानं हलवणारी साधी झुळूक, आणि शॉट टार्गेटच्याच बाहेर!

याचा पुरावा साध्या रिमफायरमध्येही, म्हणजे .२२ च्या छोट्या काडतुसातही, मिळतो. .२२ एलआरचं मॅच काडतूस साधारण ३२० मीटर प्रतिसेकंदाने निघतं, हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास. जोरात जाणारी गोळी कमी सरकेल असं वाटतं ना? १०० यार्डांवर ती जास्त सरकते. ध्वनीच्या वेगाच्या वर हवेचा विरोध एकदम वाढतो, गोळी भराभर वेग गमावते आणि उशीर वाढतो. म्हणजे नळीच्या तोंडाशी वेग किती, यापेक्षा तो किती टिकतो हे मोलाचं. हे टिकणं ज्या आकड्यात मोजतात तो बॅलिस्टिक कोएफिशंट, आपल्या बोलण्यातला बीसी.

इथे लहान व्यासाची खरी अडचण येते. गोळी सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात लहान केली तर वजन घनाच्या हिशेबाने घटतं, पण समोरच्या हवेला भिडणारं क्षेत्रफळ फक्त वर्गाच्या हिशेबाने. म्हणजे छोटी गोळी मुळातच तोट्यात. तो तोटा भरून काढायला एकच वाट: गोळी लांब करा. .२२३ मधली नेहमीची ५५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी घेतली तर जी१ या प्रमाणित मापाने बीसी ०.२५ च्या आसपास. ८० ग्रेनची लांब मॅच गोळी ०.४२ च्या जवळ जाते. ६ मिमीमध्ये १०५ ग्रेनची गोळी ०.५ ओलांडते. म्हणून ".२२३ लांबवर चालत नाही" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कुठली गोळी घालून?

पण लांब गोळी फुकट मिळत नाही. ती स्थिर ठेवायला जास्त फिरकी लागते. १८७९ साली ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक सोपं सूत्र दिलं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. .२२४ ची गोळी एक इंच लांब असेल तर उत्तर येतं साडेसात. म्हणजे नळीत साडेसात इंचांत एक पूर्ण फेरा. आजच्या वेगांना हे सूत्र जरा कडक पडतं, ८० ग्रेनच्या गोळीला आठाचा ट्विस्ट सहसा पुरतो. पण बाराच्या ट्विस्टमधून तीच गोळी मारून बघा. कागदावर गोल भोक पडायच्या जागी गोळीची आडवी आकृती उमटते, कडा फाटलेली. असं भोक दिसलं की स्कोपचे स्क्रू तपासत बसू नका.

ट्विस्ट अगदी काठावरचा ठेवणंही धोक्याचं. थंड हवा दाट असते आणि दाट हवेत तीच गोळी डळमळू शकते. एम-१६ रायफलचा मूळ ट्विस्ट १४ इंचांचा होता. कडाक्याच्या थंडीत तो अपुरा पडतो असं दिसल्यावर १९६० च्या दशकात तो १२ करावा लागला. तेव्हा थोडी जास्त फिरकी असलेली बरी. .२४३ विंचेस्टर १९५५ मध्ये आलं आणि त्याच्या बऱ्याच जुन्या रायफली दहाच्या ट्विस्टच्या आहेत. वापरलेली .२४३ स्वस्तात मिळाली म्हणून १०५ ग्रेनच्या गोळ्या भरायचं मनात असेल, तर आधी क्लीनिंग रॉडने ट्विस्ट मोजा.

आता पुंगळी. .२४३ म्हणजे .३०८ या मोठ्या काडतुसाची पुंगळी तोंडाशी आवळून केलेली. दारू भरपूर मावते, वेग भरपूर मिळतो, आणि नळीचा घास जातो. बोअरस्कोप (नळीत घालायचा छोटा कॅमेरा) घालून अशा नळीचा थ्रोट, म्हणजे पुंगळीच्या तोंडापुढचा नळीचा सुरुवातीचा भाग, बघा: दुष्काळातल्या शेतासारख्या भेगाच भेगा. ढोबळ मानाने .२४३ ची नळी दीड हजार शॉट्सच्या आसपास अचूकपणा सोडायला लागते, ६ मिमी बीआरची अडीच हजाराच्या पुढे जाते, आणि .२२३ ची त्याहूनही पुढे. सराव हाच ज्यांचा खेळ, त्यांनी हा हिशेब आधी करावा. ६ मिमी पीपीसीचं नावही नेहमी निघतं. १९७५ मध्ये बेंचरेस्टसाठी (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा) जन्मलेलं, १०० आणि २०० यार्डांवर त्याला तोड नाही. पण त्याचा खेळ साधारण ६८ ग्रेनच्या आखूड गोळीचा, म्हणजे हजार यार्डांचा नाही.

छोट्या पुंगळीचा एक दोष मात्र कोणी सांगत नाही. .३०८ मध्ये ४० ग्रेनच्या वर दारू असते, .२२३ मध्ये २४-२५. तराजू दोन्हीकडे ०.१ ग्रेनने चुकला, तरी .२२३ मध्ये ती चूक टक्केवारीत जवळजवळ दुप्पट होते. हजार यार्डांवर १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक गोळीला २० ते ३० सेंमी वर-खाली करतो, आणि एफ-क्लासचं (टेकूवरून खेळायची लांब पल्ल्याची स्पर्धा) दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम २५ सेंमीचं. तेव्हा .२२३ घेणाऱ्याने स्कोपचे थोडे पैसे वाचवून चांगला तराजू घ्यावा. आणि दारूचं प्रमाण छापील तक्त्यातलंच, खालून सुरुवात करून. रेंजवरच्या मित्राचा आकडा मित्राच्याच रायफलसाठी.

धक्क्याबद्दल फार बोलत नाही. कमी धक्क्याची रायफल शॉटनंतर जागेवर राहते आणि आपला शॉट आपल्याला स्कोपमधून दिसतो, एवढं पुरे.

नियम मात्र बघा. एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात .२२३ आणि .३०८ हीच दोन चालतात, तिथे ६ मिमी घेऊन गेलात तर एफ-ओपनमध्ये, म्हणजे खुल्या गटात, मोठ्या ७ मिमींच्या समोर उभे राहाल. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, ३०० मीटरला ८ मिमीपर्यंत मुभा आहे, आणि तिथे ६ मिमी बीआर उगाच लोकप्रिय नाही.

माझं मत विचाराल तर ६०० यार्डांपर्यंत आणि शिकण्यासाठी .२२३, सात किंवा आठाच्या ट्विस्टची. वारा वाचायला ती जितकं शिकवते तितकं दुसरं कुठलं काडतूस शिकवत नाही, कारण माफ करत नाही. हजार यार्डांचं वेड लागलं की आठाच्या ट्विस्टची ६ मिमी बीआर. .२४३ फक्त त्यांनी, ज्यांना दर मोसमात नळी बदलायची हरकत नाही.

आणि नळी बनवून घेणार असाल तर गनस्मिथकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. .२२३ मध्ये ८० ग्रेनची गोळी योग्य लांबीवर बसवली की काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक हाताने भरावं लागतं. चेंबरचा (काडतूस बसतं त्या खोबणीचा) थ्रोटही त्याच लांबीला साजेसा हवा. ठरवलेल्या गोळीचं, दारू आणि प्रायमर नसलेलं एक डमी काडतूस तयार करा, ते त्याच्या हातात द्या आणि थ्रोट त्यावरून कापायला सांगा.