हात धुऊन मागे

(पडद्यावर: बेसिन, साबण, एका माणसाचे हात)

हा माणूस पुन्हा हात धुतोय. नाव रँडल, न्यूयॉर्कच्या 'इव्हिनिंग गॅझेट' या सायंदैनिकाचा संपादक. १९३१ चा 'फाइव्ह स्टार फायनल' हा चित्रपट बघायला बसलात, तर रँडल झालेल्या एडवर्ड जी. रॉबिन्सनच्या या हातांवर नजर ठेवा. नावावरून हॉटेल आठवलं तर दोष तुमचा नाही. तिकडे सायंदैनिकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघायच्या. त्यातली शेवटची, पाच ताऱ्यांची, ती ही.

गॅझेटचा खप घसरलाय, कारण मधल्या काळात रँडलनं जरा सभ्य बातम्या छापायचं मनावर घेतलं होतं. मालकाला उपाय सापडतो: २० वर्षांपूर्वीचं एक खून प्रकरण उकरून काढायचं. नॅन्सी व्हूरहीसनं लग्नाला नकार देणाऱ्या आपल्या साहेबाला गोळी घातली होती. कोर्टानं तिला सोडलं, लोक विसरले. आता ती चारचौघींसारखी संसार करतेय. मुलगी जेनी लग्नाच्या उंबरठ्यावर आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही. मालिका छापायची, वर तरुण मुलींना बोध म्हणून! रँडलला सगळं कळतं. तरी तो 'हो' म्हणतो. आपण 'हात धुऊन मागे लागणं' म्हणतो ना, ते इथं शब्दशः चाललंय.

(पडद्यावर: पाद्र्याच्या वेशातला बातमीदार)

नॅन्सीच्या दारात पाद्री येतो. लेकीचं लग्न लावणाऱ्या चर्चकडून आला असेल, असं समजून आईबाप त्याच्यापाशी मन मोकळं करतात. तो असतो आयसोपॉड, धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून हाकललेला, गॅझेटचा माणूस. ही भूमिका बोरिस कार्लोफची. काही आठवड्यांनी हाच नट फ्रँकेनस्टाइनचा राक्षस म्हणून जगभर गाजला. मला विचाराल तर भीती या गोडबोल्याचीच जास्त वाटते.

मग तो फोन. पडदा तुकड्यांत विभागला जातो. एका तुकड्यात रिसीव्हर घट्ट धरून गयावया करणारी नॅन्सी, दुसरीकडे तिला टाळणारी गॅझेटची माणसं. मालिका थांबवा, एवढंच मागणं. कोणी ऐकत नाही. ती विष घेते. नवऱ्याला ती सापडते आणि तेवढ्यात लेक आणि होणारा जावई घरात येतात. तो हसून बोलतो, आई बाहेर गेलीय म्हणतो, दोघांना वाटेला लावतो. दार बंद होतं. मग तोही बायकोसारखाच जीव देतो. नंतर खिडकीतून घरात शिरतात ते गॅझेटचे बातमीदार, कॅमेरा घेऊन.

हे सगळं कुणाच्या कल्पनेतलं नाटक, असं म्हणून सोडता येत नाही. मूळ नाटक लिहिणारा लुई वाइटझेनकॉर्न हा 'न्यूयॉर्क इव्हिनिंग ग्राफिक'चा संपादक होता. हा पेपर कात्री-डिंकानं फोटो 'बनवायचा'. कचेरीतल्याच माणसांना उभं करायचं, वर हवे ते चेहरे चिकटवायचे. १९२६ मध्ये वारलेला नट व्हॅलेंटिनो स्वर्गात गायक कारुसोला भेटतोय, असाही फोटो त्यांनी छापला! म्हणजे वाइटझेनकॉर्नला आतली खोली न् खोली ठाऊक होती.

जेनी पिस्तूल घेऊन कचेरीत येते. माझ्या आईला का मारलंत, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. गोळी सुटत नाही, तिचा होणारा नवरा तिला आवरतो. रँडल मालकाला तोंडावर चार शब्द सुनावतो, टेलिफोन काचेवर भिरकावतो आणि नोकरी सोडून निघून जातो. टाळ्यांचा प्रसंग आहे खरा. पण पठ्ठ्या स्वस्तात सुटला, असं मला दर वेळी वाटतं. राजीनामा खिशात तर पहिल्या दिवसापासून होता.

(पडद्यावर: रस्ता, गटार)

शेवटच्या दृश्यात माणूस नाही. गटारात पडलेला गॅझेटचा ताजा अंक आहे, आणि त्यावर ढकलली जाणारी रस्त्यावरची घाण.